कपाटाला आतून देवदार

३ नोव्हेंबर, सोमवार

वास येतो म्हणजे लाकूड थोडं थोडं उडून जातं का? आणि जात असेल, तर किती वर्षांत संपेल?

प्रश्न माझा नाही, बाबांचा. आज संध्याकाळी देवदाराचा तुकडा हातात घेऊन, उलटसुलट बघत त्यांनी विचारला. मी रसायनशास्त्राची पदवीधर. या घरातली पहिली! — आणि मला उत्तर देता आलं नाही. “रेणू बाहेर पडतात,” एवढं म्हणाले. “ते ठीक आहे,” बाबा म्हणाले, “पण संपतं कधी?”

माहीत नाही. खरंच माहीत नाही.

आत्या कोपऱ्यातून — “पंधरा वर्षं शाळा-कॉलेज केलं. घ्या आता!”

तुकडा वखारीतून मागून आणला, कारण मागच्या खोलीतलं भिंतीतलं कपाट. त्याला कसर लागली आहे. आई लोकांचे लोकरी कपडे रफू करते. भोक कुठे होतं ते मालकालाही सापडत नाही, असा तिचा हात. कपडे त्या कपाटात राहतात. गेल्या आठवड्यात बँडमास्तरांचा लाल कोट काढला, तर आला होता दोन भोकांचा, निघाला तीन भोकांचा. आईने लपवलं नाही. त्यांच्यापुढे कोट धरला आणि म्हणाली, “हे तिसरं माझ्या घरात पडलं.”

बँडमास्तर भला माणूस. म्हणाले, “तुम्ही सांगितलंत, यातच सगळं आलं. पण बाई, एक डिसेंबरला बँडचे छत्तीस कोट तुमच्याकडे टाकणार होतो. रफू करायचे आणि मोसम सुरू होईपर्यंत सांभाळायचे. आता या कपाटात कसे ठेवू?”

छत्तीस! आईला इतकं मोठं काम कधी मिळालेलं नाही. तिने नुसता दोरा तोडला. मग मीच बोलले — कपाट मी करते. आतून सगळीकडे देवदाराच्या फळ्या. देवदाराच्या वासाने कसर टिकत नाही. एक तारखेच्या आत, माझ्या हाताने.

“तुझ्या हाताने?” आत्या म्हणाली. “तुला खिळा ठोकता येत नाही. पण वाकडा का गेला ते मात्र तू छान सांगशील.”

या वहीच्या पहिल्या पानावर मी लिहून ठेवलं आहे — जे खरं कळेल, ते त्याच दिवशी सांगायचं. आईचंच तर आहे हे. मी फक्त लिहून काढलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

शाळेच्या प्रयोगशाळेतला तराजू बिघडलेला. (मी तिथली मदतनीस, म्हणजे बिघाड कळवणारी.) मग घरी येताना सोनाराकडे गेले. देवदाराचा तुकडा काचेवर ठेवला.

“हा दागिना कुणाचा?” सोनार म्हणाला.

प्रयोग समजावून सांगितला. आज वजन, आठवड्याने वजन. कमी भरलं तर वास म्हणजे लाकूडच, हवेत गेलेलं. त्याने चष्मा पुसून वजन केलं आणि चिठ्ठीवर लिहून दिलं — ‘लाकूड, एक नग, ४१.३२ ग्रॅम.’ बाहेर पडताना मागून आवाज : “दागिना मोडू नका हं!”

५ नोव्हेंबर, बुधवार

कपाट रिकामं केलं. तळाला, कोपऱ्यात, फटीत बारीक पांढऱ्या अळ्या. त्यांच्याभोवती लोकरीच्याच तुसाच्या नळ्या, लाल कोटाजवळच्या लाल, करड्या शालीजवळच्या करड्या! जे खातात तेच अंगावर घालतात. मी अर्धा तास बघत बसले. आई म्हणाली, “बघून झालं असेल तर झाडू घे.”

मी म्हटलं, “आई, कसर नसती तर तुला काम कोण देणार?”

“भोकं पाडायला माणसं पुरेशी आहेत,” आई म्हणाली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

वखार. वखारवाल्याने तीन प्रकारच्या फळ्या काढल्या आणि हाताची घडी घालून उभा राहिला. “देवदार कुठली ते मी सांगून काय उपयोग? नखाने खरवड आणि हुंग.” पहिली — ओल्या पोत्यासारखी. दुसरी — काहीच नाही. तिसरीला नख लावलं आणि एकदम काहीतरी उघडलं. कोरडं, गोडसर, थोडं झोंबणारं. कुठेतरी आधी भेटलेलं. कुठे ते आठवेना. डोक्यात दिवसभर घोळतंय.

मापं तीनदा घेतली. एकतीस फळ्या. हातगाडीवरून घरी आल्या तेव्हा बाबा कारखान्यातून नुकतेच परतले होते. फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशच्या खात्यात त्यांना अठ्ठावीस वर्षं झाली. फळीवरून त्यांचा तळवा फिरला की लाकूड लाजतं, असं त्यांचे सोबती म्हणतात.

“खरखरीत आहेत गं,” ते म्हणाले. “उद्या टेम्पो इकडूनच जातो. कारखान्यात नेऊन रंदा मारून आणतो. तुझं काम तू कर, पण एवढं बापाला करू दे.”

मी ‘बरं’ म्हणाले.

८ नोव्हेंबर, शनिवार

फळ्या ज्यांच्यावर बसणार त्या उभ्या-आडव्या पट्ट्या आज जोडल्या. बाबांच्या पेटीतला सरस स्वयंपाकघरात गरम पाण्यावर वितळवला. अरे देवा, काय तो वास! हाडं, कातडी, कुजकट. आत्याने नाकाला पदर लावून खिडकी गाठली. आई म्हणे, “हे भांडं आता तुझं. लग्नात घेऊन जा.”

तेवढ्यात बाबा दारात. चपला काढता काढता रोजचं वाक्य — “व्वा! काय वास सुटलाय! आज काय बेत?”

आम्ही तिघी हसून लोळायच्या बाकी राहिलो. बाबांना क्षणभर काही कळेना. एकेकीच्या तोंडाकडे बघितलं. मग तेही हसले. आमच्यापेक्षा मोठ्याने.

१० नोव्हेंबर, सोमवार

सोनार. ४१.५१ ग्रॅम.

वाढलं!! आठवडाभर वास देऊन लाकूड जड झालं! सोनार म्हणाला, “असा माल माझ्याकडे का येत नाही?” घरी येईपर्यंत कारण सापडलं — हवेतला ओलावा. लाकूड पाणी पितं. जे गेलं ते इतकं थोडं, की आलेल्या पाण्याखाली झाकलं गेलं. म्हणजे माझा प्रयोगच कच्चा होता. वाईट वाटलं नाही. मजा वाटली.

बाबांना सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. “पण तुला वास येतोय ना अजून?” “येतोय की. तुम्हीच बघा.” त्यांनी तुकडा नाकाशी धरला, माझ्याकडे बघितलं, म्हणाले, “हो हो. मस्त.”

११ नोव्हेंबर, मंगळवार

फळ्या आल्या.

मी शाळेतून आले तेव्हा एकतीसच्या एकतीस व्हरांड्याच्या भिंतीला टेकून उभ्या. चमकत होत्या. शब्दशः चमकत होत्या — माझा चेहरा दिसला. मधासारखा रंग, आत रेषा तरंगल्यासारख्या. चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश, हाताने, बोळ्याने. एकावर एक पाच हात.

“रंदा मारून कोरं लाकूड घरी आणू?” बाबा म्हणाले. “पॉलिशवाल्याच्या घरी? चार जण हसतील! शनिवारी लागलो ते आज दुपारी संपवलं. जेवणाच्या सुट्टीत, सुटल्यावर. दोघे सोबती थांबले मदतीला. म्हणाले, लेकीचं कपाट आहे.” मग एक फळी फिरवून दाखवली. “मागूनसुद्धा केलंय. मागची बाजू कोरी ठेवली की लाकूड वाकतं. लोक चुकतात ते इथे.”

मागूनसुद्धा.

मी फळीला नाक लावलं. काही नाही. गुळगुळीत, थंड, काच. वास आत बंद. देवदाराला पॉलिश केलं की संपलं. वासावरच सगळा खेळ, आणि पॉलिशने वासाला झाकण घातलं. तेही दोन्हीकडून.

शेजारपाजारचे बघून गेले. आत्याने तर एका फळीत बघून केस नीट केले. आई बाबांकडे अशी बघत होती, की मी तिला असं बघताना फार पाहिलेलं नाही.

मी म्हणाले, “बाबा, फारच सुंदर.” ते खोटं नव्हतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आजही नाही सांगितलं. पहिलं पान उघडायचं टाळलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कदाचित मीच चुकत असेन. कदाचित पॉलिशमधूनही थोडा वास झिरपत असेल, आपल्या नाकाला कळत नाही पण अळीला कळत असेल. तपासल्याशिवाय बाबांचं मन का मोडायचं? (ही पळवाट आहे हे मला कळतंय. पण चांगली पळवाट आहे.)

शाळेतून तीन रुंद तोंडाच्या बरण्या आणल्या. प्रत्येकीत लाल लोकरीचा चौकोन, कपाटातून झाडलेल्या दहा-दहा अळ्या. एक नंबर — सोनाराकडे जाऊन आलेला कोरा तुकडा. दोन नंबर — पॉलिश केलेल्या फळीचं कापलेलं टोक, कापलेली कड मेणाने बंद केलेली. तीन नंबर — नुसती लोकर. बरण्यांवर फक्त आकडे लिहिले. मागच्या खोलीत, बाबांच्या दाढीच्या आरशाखालच्या फळीवर ठेवल्या. मोकळी जागा तेवढीच.

आत्या : “घरातली कसर मारायला निघालीय, का पाळायला?”

१६ नोव्हेंबर, रविवार

बाकी सगळं राहू दे, आधी हे लिहून टाकते.

आई कपडे पोचवायला गेली होती. आत्या शेजारी. मी स्क्रू आणायला. परत आले, जिन्यातच गॅसचा वास. धावले. स्वयंपाकघरात बाबा टेबलाशी पेपर वाचत बसलेले. चहाचं आधण उतू जाऊन ज्योत विझलेली, बटण सुरूच, सुरसुर चालू. त्यांच्यापासून दोन हातांवर. मी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. बाबांनी मान वर केली. “काय झालं?”

काय झालं!

“लक्षच गेलं नाही गं. बातमी वाचत होतो.”

आत्या आल्यावर तिने त्यांना यथेच्छ झोडपलं. “अरे, पेपरात नाक खुपसून बसतोस, ते नाक जरा बाहेर काढ!” बाबा हसले. मी बाबांकडे बघत होते. मला सरसाचा दिवस आठवला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

स्वतःची लाज वाटते, पण केलं. चहाच्या वेळी खेळ म्हणून काढलं. दोन मुठी — एकीत देवदाराचा ताजा खरवडलेला कपचा, दुसरीत पॉलिशवाला. डोळे मिटून ओळखायचं. आई तीनदा बरोबर. आत्या तीनदा बरोबर, वर “यात काय शिकायचंय?” असा शेरा.

बाबांची पाळी आली. ते उठले. “मी पॉलिशवाला माणूस. आम्ही डोळ्यांनी ओळखतो.” आणि कपबशी विसळायला गेले. बाबा कपबशी विसळत नाहीत.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बरण्या आज बघणार होते. सकाळी मागच्या खोलीत गेले, तर बाबा तिथेच. अर्ध्या गालाला साबण, हातात वस्तरा, आणि नजर आरशात नाही, बरण्यांवर.

“एक नंबरातली लोकर शाबूत आहे,” ते म्हणाले.

“हो.” एक बारीक चावा सोडला तर काही नाही. अळ्या बहुतेक मेलेल्या.

“दोन आणि तीन सारखेच.”

दोन्हींची चाळणी झाली होती.

“दोन नंबराची झळाळी मी ओळखतो.” त्यांनी वस्तरा खाली ठेवला. “म्हणजे माझं पॉलिश असणं आणि लाकूडच नसणं, सारखंच.”

मी म्हणाले, “बाबा, फळ्या आल्या त्याच दिवशी मी सांगायला हवं होतं.”

“काम वास करतो होय?” ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. “तुम्ही सगळ्या वास वास करत होता. मला वाटलं, कौतुक चाललंय. मला वाटलं, लाकूडच कडू असेल, किड्याला आवडत नसेल.” मग बरणी जागेवर सरकवत — “मला येत नाही गं.”

“काय?”

“वास. कसलाच.”

साबण गालावर सुकत चालला होता. मी दार लोटून घेतलं आणि पलंगावर बसले. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. अकरा वर्षं झाली. एकदम गेला नाही. आधी स्पिरिटचा येईनासा झाला, त्यांना वाटलं, सवय झाली. मग साबणाचा. मग एक दिवस जेवायला बसले आणि ताटात सगळं एकच लागलं — खारट, तिखट, गोड एवढंच कळतं, बाकी भुसा.

“डॉक्टरकडे का नाही गेलात?”

“गेलो होतो. म्हणाला, स्पिरिटच्या वाफांनी नाक गेलं, काम बदला.” हसले. “काम बदला!”

“आईला तरी सांगायचं.”

“पहिल्या दिवशी तिने विचारलं, कसं झालंय. मी म्हणालो, छान. मग दुसऱ्या दिवशी काय सांगणार?” टॉवेलने तोंड पुसलं, अर्धी दाढी तशीच. “रोज दारात आलो की तिच्यासाठी म्हणतो. इतकी वर्षं म्हणतोय. आता तिला कळलं तर सगळंच खोटं होईल ना? तू सांगू नकोस. शब्द दे.”

मी शब्द दिला.

लाकूड कधी संपतं, हा प्रश्न त्यांनी का विचारला ते आत्ता लिहिताना कळलं. आपण ज्या गावाला कधी जाणार नाही, त्या गावाबद्दल विचारतात तसं विचारत होते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

बाबांनी स्वतःच जाहीर केलं. पॉलिशने वास कोंडतो, माझी चूक झाली, रविवारी उतरवतो. (नाकाचं नाही. तेवढं सोडून.)

आत्या : “अठ्ठावीस वर्षं पॉलिश केलंस आणि एवढं ठाऊक नव्हतं?”

“अठ्ठावीस वर्षांत कपाटाच्या आतलं पॉलिश कुणी सांगितलंच नाही, ताई. आतून कोण बघतं?”

आई दोरा ओवत होती, पण नजर बाबांवर होती. सुई आणि दोरा हातात तसेच.

२३ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस पूर्ण लिहून ठेवायचा आहे.

गच्चीवर दोन लाकडी घोडे मांडले, त्यांवर फळी. मी आणलेला जाड मास्क बाबांना बांधायला लावला. “आता काय उपयोग? चोर गेल्यावर कुलूप,” ते म्हणाले. मी म्हटलं, “नाकासाठी नाही, फुप्फुसांसाठी. ती अजून घरात आहेत.” बांधला.

एकच बाजू उतरवायची, असं त्यांनी ठरवलं. “मागचं पॉलिश राहू दे. ती बाजू भिंतीकडे. भिंतीची ओल शिरणार नाही, पट्ट्यांवर ठोकल्यावर लाकूड वाकणार नाही, आणि तुझा वास कपाटाच्या आतच येईल.” मी हे वाचून कुठेही शिकले नव्हते. आधी स्पिरिटचा बोळा, चपडा चिकट होऊन सुटतो, पुसून काढायचा. मग वाळू द्यायचं. मग काचपेपर, रेषेच्या दिशेने. स्वतःचे पाच हात ते स्वतःच उतरवत होते, आणि तेवढ्याच निगुतीने. मी एका फळीवर घाई केली, तर म्हणाले, “भांडतेस कशाला तिच्याशी?”

पहिली फळी घासून झाल्यावर थांबले. माझ्याकडे बघितलं.

“आला?”

मी वाकले. स्पिरिटच्या मागून अगदी बारीक. “थोडा.”

काचपेपरचे अजून दहा-बारा हात. “आता?”

“आला!”

“बरं. पुढची.”

मग असंच चाललं. ते घासणार, मी हुंगणार. ‘आला?’ — ‘आला.’ कुठे कोपऱ्यात पॉलिश राहिलं असेल, तर नाक बरोबर सांगायचं, मी बोट ठेवायचे, ते तिथे परत घासायचे. दोघांचा मिळून एक पॉलिशवाला झाला. की पॉलिशकाढा!

सतराव्या फळीनंतर चहा. बाबांनी मास्क गळ्यात ओढला. समोर भुश्याचा लालसर ढीग. चिमूटभर उचलून बोटांत चोळला.

“कसा असतो?”

काय सांगायचं? रेणूंची नावं मला माहीत आहेत. ती सांगून काय होणार? डोळे मिटून हुंगला — आणि पंधरा दिवस डोक्यात घोळत होतं, ते सापडलं!

“बाबा, शिसपेन्सिल! पेन्सिलीला टोक काढताना येतो ना, तो! तसाच!”

बाबांचा हात थांबला. चौथीपर्यंत माझ्या पेन्सिलींना तेच टोक काढायचे, पॉलिशच्या सुरीने, रोज रात्री दप्तर भरताना. लांब, निमुळतं टोक. वर्गात माझ्यासारखी पेन्सिल कुणाची नव्हती.

“तो?” ते म्हणाले. “तो आठवतो मला.” मग चिमूट नाकाशी नेली. काही येत नव्हतं, मला माहीत आहे. पण आठवत होतं. “पाचवीत तुला पेन मिळालं. मग मला काम उरलं नाही. नाक गेलं ते त्याच सुमाराला.”

मी त्यांना त्यांच्या प्रश्नाचं उत्तरही दिलं, जेवढं आता कळलंय तेवढं. वास संपत नाही. वरचा थर तेवढा दमतो. काही वर्षांनी काचपेपर मारला की आतलं लाकूड परत बोलू लागतं.

“लाकडाचं बरं असतं,” बाबा म्हणाले. “चल, चौदा राहिल्या.”

२६ नोव्हेंबर, बुधवार

फळ्या बसवल्या. तीन संध्याकाळी लागल्या. पहिली ओळंब्यात अगदी सरळ. सातवीपर्यंत आत्या शेरे मारत होती. आठवीनंतर खिळे हातात द्यायला लागली. शेवटची फळी दोन बोटं रुंद झाली, उभी चिरावी लागली. मग कळलं की दाराला आतून कडी होती, तिची जागाच मी झाकली! वखारवाला हसेल. कडी काढून टाकली. आतून कडी लावून कपाटात कोण बसणार आहे?

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

कपाटात बँडमास्तर बसले. शपथेवर!

तपासायला आले होते. आत डोकं घातलं, मग खांदे, मग पूर्ण आत शिरून त्यांनी दार ओढून घेतलं. आम्ही चौघं बाहेर उभे. आतून मोठा श्वास ऐकू आला. मग घुमणारा आवाज — “उत्तम!”

बाहेर आले ते पँटला भुसा लावून. “बाई, छत्तीसच्या छत्तीस कोट सोमवारी येतील. पण रफू अंगावर घालून बघावं लागेल. पोरं रविवारीच सापडतात. तेव्हा दर रविवारी दुपारी तुम्ही आमच्या तालमीच्या हॉलवर या.” आई ‘येते’ म्हणाली. आत्याही लगेच, “मी जाईन सोबत. वाजवतात तरी काय ते बघू.”

दर रविवारी दुपारी. रविवार बाबांच्या सुट्टीचा.

२९ नोव्हेंबर, शनिवार

घरी फक्त बाबा आणि गॅस.

मी रविवारी घरी थांबेन — किती रविवार? गॅसवर काही ठेवू नका, असं बाबांना सांगेन — त्यांना चहा लागतो. “अकरा वर्षांत एकदाच तर झालं,” असं आज म्हणाले. आईला माहीत असेल, तरच ती निघताना गॅस सिलिंडरपाशी बंद करून जाईल. तरच कारखान्याच्या मालकाला कुणी जाब विचारेल. मी शब्द दिलाय. शब्द मोडणारी माणसं मला आवडत नाहीत.

आईने कोट पुढे धरला आणि तिसरं भोक दाखवलं, तेव्हा तिला किती भीती वाटली असेल! मला वाटायचं, तिला सोपं गेलं.

३० नोव्हेंबर, रविवार

आईला सांगितलं.

त्याआधी सकाळी बाबांना सांगितलं, की मी आज शब्द मोडणार आहे. ते ‘हं’ म्हणाले, चपला घातल्या आणि दिवसभर बाहेर राहिले.

आईची सुई थांबली. एवढंच म्हणाली — “अकरा वर्षं?” मग उठून स्वयंपाकघरात गेली.

संध्याकाळी बाबा दारात आले. चपला काढल्या. रोजचं वाक्य म्हणाले नाहीत. तिथेच उभे.

आतून आईचा आवाज आला — “या. लसूण परतलाय, कडेने जरासा लाल झालाय. काय वास सुटलाय!”